अभिजात मोटारींवरील पिवळे धुकेदिवे

अभिजात मोटारींवरील पिवळे धुकेदिवे म्हणजे जुन्या व जतन केलेल्या मोटारगाड्यांच्या पुढील बाजूस, बंपरच्या उंचीवर किंवा त्याखाली बसवलेले पिवळा प्रकाश देणारे जोडदिवे होत. हा पिवळेपणा कधी मुळातच पिवळ्या असलेल्या काचेमुळे किंवा बल्बमुळे येतो, तर कधी पांढऱ्या दिव्याच्या काचेवर नंतर लॅकर, रंग किंवा पारदर्शक पापुद्रा चढवून तो आणला जातो. विसाव्या शतकाच्या मध्यापासून असे दिवे युरोपीय मोटारींवर सर्रास दिसत. भारतात ते फियाट ११००, प्रीमियर पद्मिनी, अँबेसेडर यांसारख्या गाड्यांवर प्रामुख्याने मालकांनी बाहेरून बसवून घेतलेले साहित्य म्हणून आले.

पिवळा प्रकाश धुके ‘भेदतो’ अशी समजूत वाहनचालकांत रूढ आहे. भौतिकशास्त्राच्या कसोटीवर ती टिकत नाही. पिवळ्या प्रकाशाचा काही उपयोग असलाच तर तो चालकाच्या डोळ्यांना कमी त्रास होण्यापुरता आहे. धुक्यात रस्ता दिसणे हे मुख्यतः दिव्याची उंची, झोताचा आकार आणि दिव्यापर्यंत पोहोचणारा वीजदाब यांवर अवलंबून असते. जुन्या मोटारीची वीजव्यवस्था मुळातच दुबळी असल्याने हा भेद तेथे केवळ तात्त्विक राहत नाही.

इतिहास

पिवळ्या मोटारदिव्यांचा सर्वांत ठळक इतिहास फ्रान्सचा आहे. १९३६ साली काढलेल्या आदेशाने तेथे मोटारींच्या मुख्य दिव्यांना पिवळा रंग बंधनकारक करण्यात आला. पिवळ्या प्रकाशाने समोरच्या चालकाचे डोळे कमी दिपतात, हे त्यामागचे कारण होते. शत्रूची वाहने रात्री ओळखता यावीत म्हणून हा नियम केला, अशी आख्यायिकाही सांगितली जाते. हा नियम अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. युरोपीय नियमांशी मेळ घालण्यासाठी १९९३ पासून नव्या गाड्यांवर पांढरे दिवे आले आणि पिवळ्या मुख्य दिव्यांचा काळ संपला. मार्शाल व सिबिए या फ्रेंच उत्पादकांचे पिवळ्या काचेचे दिवे त्यामुळे जगभरच्या संग्राहकांना परिचित आहेत.

ब्रिटनमध्ये मुख्य दिवे पांढरेच राहिले, पण धुक्यासाठी वेगळा जोडदिवा घेण्याची प्रथा तेथे रुजली. लूकास कंपनीचा ‘एसएफटी ५७६’ हा १९५०च्या दशकातील धुकेदिवा अनेक ब्रिटिश गाड्यांच्या बंपरवर दिसतो. त्याच आकाराचा, पण दूरवर अरुंद झोत टाकणारा ‘एसएलआर ५७६’ हा वेगळा दिवा आहे. बाहेरून जवळपास सारखे दिसणारे हे दोन दिवे जुन्या बाजारात एकमेकांच्या जागी विकले जातात आणि दूर झोताच्या दिव्याला पिवळा रंग देऊन तो धुकेदिवा म्हणून बसवला जातो. त्याचा उपयोग होत नाही.

मोटार शर्यतींनी, विशेषतः माँटे कार्लो रॅलीने, बंपरवर दिव्यांची रांग लावण्याची हौस पसरवली. १९६६ च्या माँटे कार्लो रॅलीत पहिल्या तीन क्रमांकांवर आलेल्या मिनी कूपर गाड्या आणि चौथी लोटस कॉर्टिना दिव्यांच्या नियमभंगावरून बाद ठरल्या. आक्षेप डिपरच्या व्यवस्थेवर होता; मिनीच्या मुख्य दिव्यांत एकाच तंतूचे आयोडीनयुक्त बल्ब वापरले होते. विजेतेपद पाउली तोइव्होनेन यांच्या सित्रोएन गाडीला गेले. त्याच दशकात हॅलोजन बल्ब मोटारींत आले आणि पुढे धुकेदिव्यांसाठी ५५ वॅटचा ‘एच३’ हा प्रकार रूढ झाला.

भारतात मोटारींच्या दिव्यांना रंग लावण्याची सवय धुक्याच्याही आधी युद्धाने लावली. १९६५ व १९७१ च्या युद्धांत ब्लॅकआउट पाळताना मुंबईसह अनेक शहरांत पुढच्या दिव्यांच्या काचांवर काळा रंग किंवा कागद लावला जाई. हिवाळी धुक्याच्या प्रदेशात ट्रकचालक दिव्यांवर पिवळा जिलेटिन कागद चिकटवतात, तो उपाय आजही दिसतो. मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेल्या फियाट आणि पद्मिनी गाड्यांवर धुकेदिवे बसवणे हे बहुधा मालकाच्या हौशीचे व ऐपतीचे लक्षण होते. मुंबईतील काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. खासगी संग्रहातील गाड्या मात्र सुट्या भागांसाठी अजूनही मुंबईचा चोर बाजार, कुर्ला आणि पुण्यातील नाना पेठ यांवर अवलंबून आहेत.

पिवळा प्रकाश आणि धुके

आकाश निळे दिसते, कारण हवेचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा फारच लहान असतात. अशा सूक्ष्म कणांकडून होणारे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाचे विकिरण ६०० नॅनोमीटरच्या नारिंगी-पिवळ्या प्रकाशाच्या तिपटीहून थोडे अधिक होते. धुक्यातही असेच घडत असणार, या तर्कातून पिवळ्या दिव्याची कीर्ती वाढली.

धुक्यातील थेंब मात्र हवेच्या रेणूंसारखे नसतात. त्यांचा व्यास साधारणपणे काही मायक्रोमीटर ते काही दशक मायक्रोमीटर असतो, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर. तरंगलांबीच्या दहा-वीस पट मोठा थेंब सर्व रंग जवळजवळ सारख्याच प्रमाणात विखुरतो. धुके, ढग आणि दूरवरून दिसणारी पावसाची सर पांढरी किंवा करडी दिसते ती याच कारणाने. धुके निळा प्रकाश अधिक विखुरत असते, तर दिव्याच्या उजेडात ते निळसर दिसले असते. पावसाचा थेंब मिलिमीटरच्या मापाचा असल्याने तेथे रंगाचा प्रश्न आणखीच गौण ठरतो. एक मायक्रोमीटरपेक्षा लहान कणांच्या धूसर हवेत, म्हणजे धुरकट वातावरणात, रंगाचा थोडा फरक पडतो. परंतु अशा हवेत धुकेदिव्याची गरज क्वचितच लागते.

धुक्यात न दिसण्याचे खरे कारण दुहेरी आहे. पुढे जाणारा प्रकाश थेंबांमुळे क्षीण होतो, आणि त्यातील काही भाग उलट फिरून चालकाच्या डोळ्यांत येतो. हा परतीचा प्रकाश समोर पांढरा पडदा उभा करतो. दिवा अधिक प्रखर केला की पडदाही तितकाच प्रखर होतो, म्हणून ‘अप्पर’ लावल्यावर धुक्यात आणखी कमी दिसते.

डोळ्यांवरील परिणाम

पांढऱ्या प्रकाशातून निळा-जांभळा भाग वगळला की उरणाऱ्या रंगाला प्रकाशतंत्रात ‘निवडक पिवळा’ म्हणतात. या रंगाचा फायदा शोधायचा तर तो डोळ्यात शोधावा लागतो. डोळ्याचे भिंग निळ्या प्रकाशाचे अपवर्तन अधिक करते, त्यामुळे पिवळा-हिरवा प्रकाश दृष्टिपटलावर केंद्रित असताना निळ्याची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते व कडा किंचित पसरट होतात. दृष्टिपटलाच्या मध्यभागी निसर्गतःच पिवळे रंगद्रव्य असते. ते निळ्या प्रकाशाचा काही भाग शोषून घेते. याशिवाय समान तीव्रतेचा निळसर प्रकाश पिवळसर प्रकाशापेक्षा डोळ्यांना अधिक बोचतो, हे प्रयोगांत वारंवार आढळले आहे. धुक्याच्या पडद्याकडे तास दोन तास टक लावून पाहणाऱ्या चालकाला पिवळा पडदा पांढऱ्यापेक्षा सौम्य वाटणे त्यामुळे स्वाभाविक आहे.

मात्र सौम्य वाटणे आणि अधिक दूरचे दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रान्समध्ये पिवळे आणि शेजारच्या देशांत पांढरे दिवे असल्याने या प्रश्नाचा अभ्यास करण्याची सोय युरोपात आपोआपच झाली होती. १९७६ साली नेदरलँड्समध्ये झालेल्या आढाव्यात वाहतूक-सुरक्षेच्या दृष्टीने दोन्हींत निर्णायक फरक आढळला नाही. पिवळ्या गाळणीमुळे प्रकाशाचा काही भाग, साधारण दहा ते पंधरा टक्के, वाया जातो आणि सौम्यतेचा लाभ अंशतः त्यातच खर्ची पडतो. दिवा थोडा मंद झाल्यानेच तो कमी बोचतो, असाही काही अभ्यासकांचा आक्षेप आहे.

जागा आणि झोत

धुकेदिव्याचा खरा गुण त्याच्या काचेवरील उभ्या पन्हळींत आणि परावर्तकाच्या आकारात असतो. चांगल्या धुकेदिव्याचा झोत आडवा पसरट असतो आणि त्याची वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ असते. त्या कडेच्या वर प्रकाश जवळजवळ नसतो. दिवा खाली असल्याने झोत चालकाच्या नजरेच्या रेषेपासून दूर, रस्त्यालगत राहतो. चालक प्रकाशलेल्या धुक्याच्या वरून रस्त्याकडे पाहतो आणि डोळ्यांकडे परतणारा प्रकाश घटतो. पांढरा असो वा पिवळा, हे सर्व तसेच घडते.

संयुक्त राष्ट्रांच्या दिवे-बसवणीविषयक नियम क्र. ४८ नुसार मोटारकारच्या पुढील धुकेदिव्याची उंची जमिनीपासून किमान २५० मिलिमीटर आणि कमाल ८०० मिलिमीटर असावी, तसेच तो गाडीच्या बाहेरील कडेपासून ४०० मिलिमीटरपेक्षा आत नसावा. जुन्या गाड्यांवर शोभेसाठी दिवे जाळीच्या मधोमध एकमेकांना खेटून लावलेले आढळतात. अशा मांडणीत रस्त्याच्या कडा अंधारात राहतात आणि धुक्यात चालकाला नेमक्या कडाच दिसणे आवश्यक असते.

झोत जुळवण्यासाठी सपाट जागेवर गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करतात, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणेने दाखवतात आणि झोताची वरची कड त्या खुणेच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली आणतात. हा उतार दोन टक्क्यांचा होतो. दिवा ५० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर वरची कड सुमारे २५ मीटरवर रस्त्याला टेकते. हा आकडा वेगाची मर्यादाही सांगतो. ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. चालकाला प्रतिसादासाठी एक सेकंद लागला आणि ओल्या रस्त्यावर ड्रम ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला सेकंदास ४ मीटरने घटला, तर गाडी थांबेपर्यंत २६ ते २७ मीटर अंतर जाते. म्हणजे ताशी ४० किलोमीटरला दिसणारे अंतर आधीच अपुरे पडू लागते.

रंग देण्याच्या पद्धती

सर्वांत निर्दोष उपाय मूळ पिवळी काच मिळवून बसवण्याचा आहे. रंग काचेच्या घडणीतच असल्याने तो उडत नाही, उन्हाने फिकट होत नाही आणि पन्हळींचा आकार बिघडवत नाही. मूळची पांढरी काच कागदात गुंडाळून जपून ठेवली की गाडी केव्हाही पूर्वस्थितीत आणता येते. अडचण उपलब्धतेची आहे. पिवळ्या काचेच्या जोडीतील एक फुटली तर दुसरीच्या छटेची काच सहसा मिळत नाही.

पिवळ्या बल्बचा पर्याय स्वस्त आणि पूर्णतः परत फिरवता येण्याजोगा आहे. फ्रान्समधील जुन्या बल्बांवर कॅडमियमयुक्त पिवळ्या काचेची टोपी असे. हल्लीच्या हॅलोजन बल्बांवर बहुधा अतिशय पातळ थरांचे लेपन असते. ते निळा प्रकाश परावर्तित करते आणि बाकीचा जाऊ देते. अशा बल्बवर तिरप्या कोनातून निळसर-जांभळी झाक दिसते, ती दोषाची खूण नसते. साध्या हॅलोजन बल्बवर घरी रंग लावणे मात्र सर्वस्वी टाळावे लागते. हॅलोजन चक्र चालण्यासाठी बल्बची क्वार्ट्झ नळी अडीचशे अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापलेली असावी लागते. रंग त्या तापमानाला जळतो, नळीवर डाग पाडतो, उष्णता एका जागी साठते आणि बल्ब फुटतो किंवा लवकर निकामी होतो. बोटांचे तेलकट ठसेही याच कारणाने कापडाने पुसून काढतात.

काचेवर पारदर्शक पिवळे लॅकर फवारण्याची पद्धत हौशी मंडळींत सर्वाधिक वापरली जाते. दिवा उघडून काच वेगळी करतात, ती साबणाच्या पाण्याने व नंतर स्पिरिटने पुसून कोरडी करतात आणि तीन-चार अगदी पातळ थर देतात. एकच जाड थर दिल्यास लॅकर पन्हळींच्या खोबणीत साचते आणि झोताची कड पुसट होते. प्रकाश थोडा कमी पिवळा झाला तरी चालतो, पण कड बिघडली तर धुकेदिव्याचा उद्देशच फसतो. थर काचेच्या आतील बाजूस दिला तर तो खडे, चिखल आणि मिठापासून सुरक्षित राहतो; मात्र तो पूर्ण वाळण्याआधी दिवा बंद केल्यास द्रावकाची वाफ परावर्तकावर बसून तो धुरकट होतो. म्हणून आतून रंगवलेली काच काही दिवस मोकळ्या हवेत ठेवतात. काचेवरील लॅकर ॲसिटोनने निघते. पॉलिकार्बोनेटच्या आधुनिक दिव्यावर हाच उपाय केल्यास दिवाच खराब होतो, कारण ॲसिटोन त्या प्लॅस्टिकला तडे पाडते.

चिकट पापुद्रा लावणे आणि काढणे सोपे असते, परंतु पन्हळीदार किंवा फुगीर काचेवर तो नीट बसत नाही आणि कडांतून पाणी शिरते. जिलेटिन कागद हा त्याचा गरीब नातेवाईक. एका प्रवासापुरता तो चालून जातो.

रंगाची छटा हा स्वतंत्र प्रश्न आहे. निवडक पिवळा लिंबासारखा असतो, झेंडूसारखा नव्हे. गडद नारिंगी थर दिल्यास प्रकाशहानी झपाट्याने वाढते आणि समोरून येणाऱ्याला तो वळणदर्शक दिव्याचा भास देऊ शकतो. घाटात अशा गैरसमजाची किंमत मोठी असते.

वीजभार

जुन्या गाड्यांत आजच्यासारखा अल्टरनेटर नसून डायनामो असतो. लूकासच्या ‘सी३९’ डायनामोची क्षमता १९ अँपिअर व ‘सी४०’ची २२ अँपिअर आहे आणि इंजिन मंद फिरत असताना त्यातून जवळजवळ काहीच मिळत नाही. १२ व्होल्टच्या गाडीत ४५ वॅटचे दोन मुख्य दिवे, ५५ वॅटचे दोन धुकेदिवे, मागचे व फलकावरचे दिवे, वायपर आणि प्रज्वलन एकत्र चालू असल्यास एकूण भार ३०० वॅटच्या आसपास, म्हणजे सुमारे २५ अँपिअर होतो. घाटात पावसाच्या रात्री नेमकी हीच स्थिती असते. कमी गतीने चढ चढताना बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होत जाते, व्होल्टेज उतरते आणि सर्वच दिवे पिवळट पडतात. त्या पिवळेपणाचा धुक्याला काही उपयोग नाही.

तंतूच्या बल्बचा प्रकाश वीजदाबाच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. दाब १० टक्क्यांनी घटला की प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. पिवळ्या काचेने होणाऱ्या हानीच्या दुप्पट किंवा तिप्पट हानी एखाद्या गंजलेल्या अर्थिंगमुळे किंवा बारीक वायरमुळे होऊ शकते. म्हणून जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियन रंगाआधी वायर पाहतात. दोन ५५ वॅटच्या दिव्यांना मिळून सुमारे ९ अँपिअर प्रवाह लागतो. त्यासाठी अडीच चौरस मिलिमीटरची वायर, १५ अँपिअरचा फ्यूज आणि रिले वापरतात. फलकावरील जुन्या बटनातून हा प्रवाह थेट नेल्यास बटन तापून वितळते. डायनामो कमकुवत असल्यास ३५ वॅटचे बल्ब लावणे अधिक शहाणपणाचे ठरते. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. तंतूच्या बल्बला त्याने फरक पडत नाही, पण एलईडी दिवे उलट जोडले गेल्यास पेटत नाहीत किंवा बिघडतात.

परावर्तकाची अवस्थाही तपासावी लागते. जुन्या दिव्यांचे परावर्तक चांदीचा मुलामा दिलेले असत. चांदी हवेतील गंधकाने काळी पडते आणि वारंवार घासून पुसल्याने मुलामाच निघून जातो. अशा परावर्तकावर निर्वात पद्धतीने ॲल्युमिनियमचा थर देता येतो.

दिघी–माणगाव–ताम्हिणी मार्ग

धुकेदिव्यांच्या गुणदोषांची परीक्षा घेणारे रस्ते महाराष्ट्रात सह्याद्रीच्या घाटांत आहेत. समुद्रकिनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंतच्या बदलत्या परिस्थितीचे चांगले उदाहरण म्हणजे रायगड जिल्ह्यातील दिघीपासून पुण्याकडे जाणारा मार्ग. श्रीवर्धन तालुक्यातील दिघी हे राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावरील बंदर आहे. खाडीच्या मुखाजवळ जंजिरा किल्ला असून समोरच्या तीरावर मुरूड तालुक्यातील आगरदांडा आहे. दोन्ही तीरांदरम्यान वाहने नेणारी फेरीबोट चालते. तिला स्थानिक लोक जंगलजेट्टी म्हणतात. अलिबाग-मुरूडकडून किनाऱ्याने येणारी मोटार या बोटीतून दिघीला उतरते आणि राष्ट्रीय महामार्ग ७५३एफने म्हसळा, माणगाव आणि ताम्हिणी घाटातून पुण्याला जाऊ शकते.

दिघीच्या बाजूस दाट धुके हा नित्याचा प्रश्न नाही. हिवाळ्याच्या पहाटे खाडीवर व भातखाचरांवर धुके साचते खरे, पण त्याची धास्ती चालकांपेक्षा आंब्याच्या मोहोराची काळजी असलेल्या बागायतदारांना अधिक. येथे दिव्याचा शत्रू मीठ आहे. दिवसा वाहणाऱ्या खाऱ्या वाऱ्यांबरोबर आणि बोटीच्या तोंडाशी उडणाऱ्या तुषारांबरोबर मीठ बंपरच्या उंचीवरील प्रत्येक फटीत शिरते. रबरी गॅस्केट कडक झालेले असेल तर ते दिव्यात जाऊन परावर्तक काळवंडवते, अर्थिंगच्या स्क्रूवर हिरवट थर चढवते आणि पापुद्र्याच्या कडा उचलते. बोटीतून उतरल्यावर दिव्यांवर गोडे पाणी मारणे आणि दिव्याच्या तळाशी असलेले पाणी निचरण्याचे छिद्र मोकळे ठेवणे हे दोन उपाय किनाऱ्यावर कोणत्याही रंगापेक्षा मोलाचे आहेत. हौशी रंगकामात हे छिद्र लॅकरने किंवा सिलिकॉनने बुजल्याचे नेहमी आढळते. मग दिव्यात पाणी साठते.

म्हसळा ते माणगाव या टप्प्यात पावसाळ्यातील अडचण वेगळी असते. ओला डांबरी रस्ता आरशासारखा वागतो. दिव्याचा बहुतेक प्रकाश पुढे निसटतो, चालकाकडे परतत नाही आणि रस्ता काळाभोर दिसतो. येथे खालून पडणारा रुंद झोत कडेची पांढरी पट्टी, साचलेले पाणी आणि पादचाऱ्यांचे पाय दाखवतो. दिवा पिवळा असल्याने यात भर पडत नाही, उणेही फारसे होत नाही.

माणगावनंतर निजामपूर, विळे ओलांडून रस्ता ताम्हिणी घाटात शिरतो. अतिवृष्टीसाठी हा घाट प्रसिद्ध आहे. जून ते सप्टेंबर या काळात येथे ज्याला धुके म्हटले जाते ते बहुतांशी सह्याद्रीच्या कड्याला अडलेले ढग असतात. वाऱ्याबरोबर ते सरकतात, त्यामुळे एका वळणावर शंभर मीटर दिसते आणि पुढच्या वळणावर गाडीचे बॉनेट कसेबसे दिसते. वरंध, आंबेनळी, आंबोली या घाटांतही हीच तऱ्हा असते. नागमोडी वळणांवर मुख्य दिव्यांचा झोत सरळ दरीत जातो, तर धुकेदिव्याच्या पसरट झोतात आतल्या बाजूचे गटार आणि बाहेरचा कठडा दोन्ही येतात. पिवळ्या रंगाची सौम्यता जाणवलीच तर ती अशा लांबलचक ढगाळ टप्प्यातच जाणवते, आणि तीही वायपर, काचेवरील आतील वाफ व वीजदाब जाग्यावर असतील तर. जुन्या गाड्यांत वाफ घालवणारा पंखा नसतो किंवा नावापुरताच असतो. आतून धूसर झालेल्या काचेपुढे दिव्याचा रंग कोणताही असला तरी सारखेच.

धुके ओसरल्यावर हे दिवे बंद करणे अपेक्षित असते. स्वच्छ हवेत ते गाडीपुढचा जवळचा रस्ता नको इतका उजळतात. त्यामुळे डोळा त्या उजेडाला सरावतो आणि दूरचा अंधार अधिकच गडद वाटतो.

कायदेशीर बाजू

आंतरराष्ट्रीय नियमांत पुढील धुकेदिव्यासाठी पांढरा आणि निवडक पिवळा असे दोनच रंग मान्य आहेत. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार पुढे प्रकाश टाकणाऱ्या दिव्याचा झोत कायम खाली वळवलेला असावा लागतो. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेली व्यक्ती त्या झोताने दिपता कामा नये. योग्य उतारावर बसवलेला धुकेदिवा ही अट सहज पाळतो, तर दूर झोताचा दिवा खाली बसवून पिवळा रंगवला तरी तो ती मोडू शकतो.

पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज मोटार वाहन’ असा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात जतन केलेली असावी आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. काढता येणारा बल्ब किंवा काच या अटीच्या आड येण्याचे कारण नाही. दिव्यांसाठी बंपरला किंवा पत्र्याला नवी भोके पाडणे मात्र मूळ स्वरूपाचा आग्रह धरणाऱ्या संग्राहकांत दोष मानले जाते. त्याऐवजी बंपरच्या मूळ बोल्टवर बसणारी लोखंडी पट्टी वापरतात. या वर्गातील गाड्यांच्या नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. अशी गाडी नियमित किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठी आणि त्या ठिकाणी जाण्या-येण्यासाठीच ती चालवता येते.